थोडा आत घे, ताई

आमच्या दुकानात येणाऱ्या माणसाबद्दल ताईचं मत बनायला, टेप कमरेभोवती एकदा फिरायला लागतो तेवढाच वेळ लागायचा. पोट आत ओढून उभी राहणारी बाई गर्विष्ठ. मापाला हात वर करताना अवघडणारी सासरी दबलेली. आतल्या बाजूला चोरखिसा मागणारी नवऱ्यापासून काहीतरी लपवणारी. आणि पँट सैल करायला आणून "सुटलोय हो मी" असं सरळ सांगणारा एखादा तरुण आला, की ताई माझ्याकडे बघून मान डोलवायची. म्हणजे ह्याला मुलगी द्यायला हरकत नाही. आम्हा दोघींकडेही द्यायला मुलगी नव्हती, पण तिला कोण सांगणार!

मी तिच्याकडे काजं करते, बटणं लावते, खालची दुमड हातानं घालते. वयानं मी मोठी, पण दुकान तिचं, म्हणून ती सगळ्यांची ताई तशी माझीही ताई. गिऱ्हाइकं मला मावशी म्हणतात. माझे हात कमी आणि तोंड जास्त चालतं असं ताई म्हणते, आणि ते काही खोटं नाही. पण तोंडाळ असले तरी मी माणसांवर शिक्के मारत बसत नाही. तो मान ताईचा. राग याचा यायचा, की पुष्कळदा तिचं खरं निघायचं. बँकेतल्या बाईच्या मुलीच्या लग्नाचा ड्रेस आमच्याकडे होता. मुलगी दर फिटिंगला खांदे पाडून उभी राहायची. ताई तिथल्या तिथे माझ्या कानाशी म्हणाली, "हे काही होत नाही." आणि लग्न मोडलं. त्यानंतर तर आमच्या ताईसाहेबांचे पाय जमिनीला लागेनात. "माणूस तोंडानं काहीही सांगेल गं. टेप खोटं बोलत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की कंटाळून मी बटणाला दोन टाके जास्तच घालायची.

ताईला एक बहीण होती, धाकटी. सगळे तिला धाकटीच म्हणत. आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं ताईनं केलं, आणि ती गेल्यावर धाकटीलाही ताईनंच वाढवलं. झबल्यापासून ते लग्नाच्या पोशाखापर्यंत तिच्या अंगाला ताईच्या हातचं सोडून दुसरं कापड लागलं नाही. तयार कपडे घालून बघायलासुद्धा ताई तिला दुकानात जाऊ द्यायची नाही. "दुसऱ्याच्या मापाचं तू कशाला घालतेस?" धाकटी हसायची. ती वाचनालयात कामाला होती, तिचं सगळं सावकाश आणि हळू आवाजात चालायचं. भांडायचीसुद्धा ती वाचनालयात बसल्यासारखी.

तिचा नवरा अचानक गेला. मूल नव्हतं. ताई तिला आपल्याकडे घेऊन आली, पण धाकटी थोड्याच दिवसांत परत गेली. म्हणाली, "ताई, मला माझ्या घरात राहून बघू दे." ताईला ते लागलं. पुढचे काही दिवस ती शिलाई यंत्राचं पायडल असं काही दाबत होती, की मी म्हटलं आज पट्टा तुटणार.

नंतर एका दुपारी धाकटी निळा ड्रेस घेऊन दुकानात आली. "थोडा आत घे, ताई. सैल होतोय."

आमच्याकडे कपडा आत घ्यायचा म्हणजे तो आधी उलटा घालायला लावतात. शिवणी बाहेर येतात, मग अंगाबरोबर दोन्ही बाजूंनी टाचण्या लावत जायचं. ताईनं तोंडात टाचण्या धरल्या आणि कामाला लागली. टाचण्या संपल्यावर म्हणाली, "कमर काय बारीक केलीस गं! चालायला जातेस वाटतं?"

"चालते थोडं," धाकटी म्हणाली.

ताई खूश झाली. ती गेल्यावर मला म्हणाली, "सावरतेय पोर." मलाही बरं वाटलं. नवरा गेलेल्या बाईनं आरशात बघायला सुरुवात केली, तर वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काय आहे?

पुढच्या खेपेला ती तोच ड्रेस आणि एक राखाडी कोट घेऊन आली. थंडी सुरू झाली होती. केस नवे होते. मानेपर्यंत कापलेले, एकसारखे, एक केस इकडचा तिकडे नाही. ओठांना रंग होता, गालांनाही होता. धाकटीनं असलं काही कधी केलं नव्हतं. आणि तिच्या मागण्या तरी किती! गळा वरपर्यंत बंद हवा. बाह्या मनगटाच्या खाली हव्यात. खांद्यांत जरा जास्त भरण घाल. आणि आतून मऊ अस्तर लाव, शिवण टोचते.

"शिवण टोचते?" ताई म्हणाली. "माझी शिवण?"

"हल्ली टोचते," धाकटी म्हणाली.

ताईचं लक्ष तोवर काचेबाहेर गेलं होतं. दुकानासमोर एक गाडी उभी होती. गाडीत तपकिरी स्वेटर घातलेला एक माणूस बसला होता, वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवून, आमच्या दाराकडे बघत. धाकटी बाहेर गेली तसा तो उतरला आणि त्यानं तिच्यासाठी दार उघडलं. तिच्या कोपराला हात लावून तिला आत बसवलं.

ताई बराच वेळ काचेशी उभी होती. मग येऊन बसली आणि तिनं निकाल दिला. "वर्ष नाही झालं अजून."

"कशाला?"

"तुला दिसत नाही? कमर बारीक, केस नवे, तोंडाला रंग, खांदे भरून हवेत. आणि आता आमची शिवण टोचते!"

"टोचत असेल गं. आणि समजा कुणी असलं सोबतीला, तर बिघडलं कुठे? एकटं राहायचं वय आहे का तिचं?"

"सोबतीचं मला काही नाही," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला. "मला सांगितलं नाही तिनं. मला." तिचं दुःख खरं होतं, हे मी आजही सांगेन. लोक समजतात तशी ती दुष्ट नव्हती. ज्या पोरीचं बोट धरून तिला चालायला शिकवलं, ती आता आपल्याला चोरून जगतेय, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. आणि एकदा तिच्या डोक्यात बसलं, की काढणार कोण?

तिसऱ्या खेपेला धाकटी फक्त कोट घेऊन आली. गाडी बाहेर होतीच. "पुन्हा थोडा आत घे, ताई."

ताईनं टाचण्या घेतल्या नाहीत. टेप घेतली. "सरळ उभी राहा." धाकटी कापायच्या टेबलाला एक हात टेकून उभी राहिली. ताईनं तो हात काढून बाजूला केला. छातीभोवती टेप गेली, बरगड्यांवरून खाली आली, कमरेला आली. ताईनं आकडा बघितला आणि टेप सोडून दिली.

"कुणासाठी एवढं?"

धाकटीला आधी कळलंच नाही. "कुणासाठी म्हणजे?"

"बाहेर बसलाय त्याच्यासाठी."

धाकटीनं तिच्याकडे बघितलं. मी हातातली सुई तशीच धरून होते. शेवटी ती म्हणाली, "ताई, तुला असं वाटतं?"

"मला काय वाटायचंय? टेप सांगते."

"आणखी काय सांगते?"

"की तुला मी परकी झाले," ताई म्हणाली.

मग तिनं जे केलं ते शिवणकाम करणाऱ्यालाच कळेल. कपडा कितीही आत घेतला, तरी शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड आम्ही कधी कापत नाही. दुमडून ठेवतो. माणूस पुन्हा अंगानं भरला, तर तेवढं सोडून कपडा मोठा करता येतो. ताई तर ह्या बाबतीत इतकी कडक, की माझ्याकडून एकदा बोटभर कापड कापलं गेलं तेव्हा तिनं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता. त्या दिवशी तिनं उभ्या उभ्या कोटाच्या दोन्ही बाजूंना यंत्र मारलं, मोठी कात्री घेतली आणि आतलं सगळं कापड धाकटीच्या देखत सरळ कापून टाकलं. तुकडे खाली पडले.

"घे. आता हा सैल व्हायचा नाही. त्याला अशीच आवडत असशील, तर राहा अशीच."

मी म्हटलं, "ताई, अगं!" पण माझं कोण ऐकतं!

धाकटीनं कोट घातला. बटणं लावायला तिला वेळ लागला. मी उठून लावून दिली, वरपर्यंत. तिची बोटं बर्फासारखी गार होती. ती मला म्हणाली, "बरं झालं मावशी, बटणं तुम्ही घट्ट लावता." ताईकडे न बघता ती बाहेर गेली.

त्यानंतर ती आली नाही. दुकानातला फोन वाजायचा, ताई नंबर बघायची आणि माझ्याकडे सरकवायची. मी घेतला की धाकटी विचारायची, "ताई आहे?" ताई हातानंच नाही म्हणायची. मी म्हणायची, "बाहेर गेलीय गं." यंत्राचा आवाज तर पलीकडे ऐकू जात असणार. मग फोनही थांबले. ताई म्हणाली, "बघ, गरज संपली."

थंडी सरत आली होती तेव्हा, एका सकाळी, तपकिरी स्वेटरवाला दुकानात आला. एकटाच. जवळून बघितला तर चांगला वयस्कर माणूस, दाढीचे खुंट पांढरे, डोळ्यांखाली काळं. हातात पिशवी. पिशवीतून त्यानं निळा ड्रेस काढून टेबलावर ठेवला.

"बाईंनी पाठवलंय," तो म्हणाला. "त्यांना येता येत नाही. म्हणाल्या, थोडा आत घ्यायला सांगा. किती ते ताईला कळेल, म्हणाल्या."

ताईनं ड्रेस उचलला आणि त्याच्या अंगावर टाकला. "तिला म्हणावं, मी मेले. आणि तुम्हाला लाज नाही वाटत? नवरा जाऊन वर्ष नाही झालं तोवर तिला सजवून फिरवता!"

तो माणूस रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं खाली पडलेला ड्रेस उचलला, झटकला, घडी घातली. वाकताना त्याला त्रास होत होता.

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," तो म्हणाला. "मी त्यांना हॉस्पिटलात नेतो. माझी बायको त्याच वॉर्डात होती. दोघींच्या खुर्च्या शेजारी असायच्या, सलाइन लावून बसायच्या, गप्पा मारायच्या. माझी बायको गेली. गाडी आहे, दिवसभर मोकळा असतो. त्या बसनं येत होत्या, उलट्या करत. मी म्हटलं, मी सोडत जाईन." मग म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे असंच मला वाटत होतं. त्या सांगायच्या, माझी ताई माप घेते म्हणजे तिला सगळं कळतं."

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक करून काढल्या आणि उशीला खोचल्या. त्या वेळी तिचा चेहरा कसा होता ते मी सांगणार नाही. तो मी बघायला नको होता.

दुकान तसंच उघडं टाकून आम्ही त्याच्या गाडीत बसलो. कुलूप लावायचंही सुचलं नाही. ड्रेस ताईच्या मांडीवर होता.

धाकटीच्या शेजारणीनं दार उघडलं. तो माणूस वर आला नाही, खालीच थांबतो म्हणाला. खोलीत खिडकीशी पलंग होता आणि पलंगावर धाकटी होती, म्हणजे होतं ते धाकटीच असणार. डोक्यावर केस नव्हते. ते नवे, एकसारखे केस टेबलावर एका उलट्या भांड्यावर ठेवले होते. दंड उघडे होते, सुयांनी काळेनिळे झालेले. बंद गळा कशासाठी, लांब बाह्या कशासाठी, खांद्यात भरण कशासाठी, सगळं समोर होतं. हाडाला कापड लागलं तरी टोचेल अशी अवस्था होती, आणि आम्ही म्हणालो होतो, आमची शिवण?

"आलीस?" धाकटी म्हणाली.

ताई म्हणाली, "सांगितलं का नाहीस? का नाही सांगितलंस मला?" आणि ती ओरडली. आजारी माणसासमोर ओरडली. मी तिचा दंड धरला.

धाकटी रागावली नाही. "सांगायलाच येत होते की," ती म्हणाली. एवढं बोलून तिला दम घ्यावा लागला. "तोंडानं सांगायचा धीर होईना. तू आईचं कसं केलंस ते मी बघितलंय. पुन्हा तुझ्यासमोर उभं राहून तेच कसं बोलायचं? म्हटलं, कपडे घेऊन जाऊ. ताईच्या हातांना कळेल. पहिल्या खेपेला कळलं नाही. म्हटलं, ठीक आहे, पुढच्या वेळी. शेवटी टेप लावलीस ना, तेव्हा तुझी बोटं माझ्या एकेका बरगडीला लागत होती. मी श्वास धरून उभी होते. आता विचारेल, आता विचारेल. आणि तू विचारलंस, कुणासाठी."

ताई खाली बसली. खुर्ची होती शेजारी, पण ती जमिनीवरच बसली.

"मग मी ठरवलं," धाकटी म्हणाली, "की तुला कळलंय. तुला कळलं नाही असं होईलच कसं? कळलंय, पण तुला ते नकोय. एकदा केलंस, दमलीस, पुन्हा नको असेल. नसलं हवं तर नसू दे, असं म्हटलं. रोज म्हणायचे. फोन लावायचे आणि पुन्हा तेच म्हणायचे."

दोघी एकमेकींना अंगाखांद्यावरून ओळखत होत्या, आणि दोघींनी एकमेकींबद्दल काय काय ठरवून टाकलं होतं! मला त्या दोघींचा संताप आला, आणि त्याच वेळी असं वाटलं की दोघींना एका कुशीत घेऊन बसावं.

ताईनं जमिनीवरूनच विचारलं, "ड्रेस कशाला पाठवलास?"

"घालायला. सगळं अंगावर लोंबतं गं. एकदा तरी अंगाला बसेल असं काहीतरी घालायचंय."

ताई उठली. माझ्या पिशवीत सुई-दोरा असतोच. तिनं ड्रेस उलटा केला. धाकटीला उभं राहता येत नव्हतं, म्हणून मी मागून आधार दिला आणि आम्ही तिला बसवून तो अंगात घातला. ताईनं टेप मागितली नाही. कापडाची चिमूट धरायची आणि विचारायची, "इथे लागतंय? एवढा घट्ट चालेल? हात वर करू की राहू दे?" इतकी वर्षं मी तिच्याजवळ काम करतेय, तिनं कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. धाकटी उत्तरं देता देताच पेंगायला लागली. आम्ही तिला हळूच निजवलं. ताई खिडकीशी बसून हातानं शिवत राहिली, आणि आतलं सगळं कापड तिनं दुमडून ठेवलं, धागाभरही कापलं नाही. त्याचा आता काही उपयोग नव्हता, हे तिलाही माहीत होतं.

ताई दुकानात परतलीच नाही. तिथेच राहिली. मी रोज जायची. धाकटी बहुतेक वेळ झोपलेली असायची. डोळे उघडले की ताई विचारायची, पाणी हवं? उशी वर करू? गार वाटतंय? धाकटी कधी मान हलवायची, कधी नुसती बघायची. ड्रेस तिनं एकदा घातला. कुठेही लोंबत नव्हता. तिनं कमरेवरून हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "बसला." तेवढंच. एक गोष्ट मात्र ताईच्या ओठांवर यायची आणि परत जायची. मला ती दिसत होती. मी तिला जिन्यात गाठून म्हटलं, "विचार की एकदाचं." ती म्हणाली, "जरा बरं वाटू दे तिला. उद्या विचारते." एका पहाटे धाकटी गेली. ताई तिचा हात धरून बसली होती.

नंतर माणसं भेटायला आली. घरी आली, दुकानातही आली. बँकेतली बाई तिच्या मैत्रिणीशी बोलत होती, हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल इतपत. "एवढी आजारी होती, तर ही बया फिरकलीसुद्धा नाही म्हणे. फोन घेत नव्हती. आणि आता बघा, डोळे सुजलेत." मी सुई टेबलावर ठेवली आणि उठले. त्या बाईला मी काय काय ऐकवणार होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताईनं माझा पदर धरून मला खाली बसवलं. "असू दे. तिला दिसलं ते बोलतेय."

त्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. यंत्र बंद होतं. ताई कितीतरी वेळ हातातला दोरा बोटाला गुंडाळत होती.

"तू होतीस तिथे," ती म्हणाली. "शेवटी शेवटी ती माझ्याकडे बघायची, ते तू बघितलंस. राग होता का गं तिच्या मनात? की गेला होता?"

हो म्हणावं, गेला होता म्हणावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. धाकटीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. थकलेला होता. त्याहून जास्त मला त्यात काही वाचता आलं नव्हतं, आणि या दुकानात बसून पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावरून मनातलं सांगायचं, हे माझ्याच्यानं होईना.

"मला नाही कळलं, ताई," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. "मलाही नाही कळलं," ती म्हणाली. "आणि आता विचारू कुणाला?"